ड्रायव्हिंगच्या मॅडमला फिट येते तेव्हा

मला पहिली फिट आली तेव्हा गाडी सेकंड गिअरमध्ये होती. चालवत मी नव्हते, जरीनाभाभी चालवत होत्या. मी शेजारच्या सीटवर होते. शिकवणाऱ्याची जागा ती. तिथे पायाखाली एक जास्तीचा ब्रेक बसवलेला असतो, शिकणारी बाई घाबरली तर आपण दाबायला.

मी रिसोडला बायकांची ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूटी आणि कार, दोन्ही. माझं नाव मंदा, पण ते आता फक्त आधार कार्डावर उरलंय. बाकी सगळ्या 'मॅडम' म्हणतात, भाजीवालीसुद्धा. माझे मिस्टर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, म्हणून ते 'सर'. सरांना कार येत नाही. सायकलवर शाळेत जातात. कुठे लग्नकार्याला निघालो की स्टिअरिंगवर मी आणि शेजारी सर, मांडीवर आहेराची पिशवी घेऊन. लोक हसतात. हसू द्या, बाप्पा, त्यांचं काय जातंय.

हे लिहायला घेतलं कारण मागच्या दीड वर्षात इतक्या बायकांनी मला दाराआड उभं राहून, आवाज खाली आणून विचारलंय, की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. ते डॉक्टरांना विचारा. मला रस्त्याचं कळतं, आणि घाबरण्याचंही आता बऱ्यापैकी कळतं.

त्या दिवशी सकाळी

आदल्या दोन रात्री भाचीच्या लग्नात जागून काढलेल्या, वर चतुर्थीचा उपास. चहासुद्धा घेतला नव्हता. सात वाजता भाभींना घेऊन केनवडच्या रस्त्याला निघाले. भाभींच्या मिस्टरांचं बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना गाडी शिकायची हुक्की आली. घरात पोरं हसली, म्हणून तर जास्तच आली. लर्निंग लायसन काढून त्यांचा तो सहावा दिवस होता.

माझा एक नियम आहे. नवीन बाई सारखी माझ्या तोंडाकडे पाहते. गिअर टाकला की पाहते, हॉर्न दिला की पाहते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगते, "मी सांगेपर्यंत स्टिअरिंग सोडायचं नाही आणि माझ्याकडे पाहायचं नाही. समोर पाहायचं." भाभी माझ्या सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थिनी.

पुढचं मला आठवत नाही. जे सांगते ते भाभींचं. मी म्हणे इंडिकेटरबद्दल काहीतरी बोलत होते आणि मधेच गप्प झाले. मग माझे पाय ताठ झाले आणि त्या जास्तीच्या ब्रेकवर जाऊन बसले. गाडी खाडकन थांबून बंद पडली. आदल्याच दिवशी मी त्यांना अचानक ब्रेक लावून दाखवला होता. त्यांना वाटलं, मॅडम आज परीक्षा घेऊन राह्यल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, बाई तशाच बसून राहिल्या. इकडे माझं सगळं अंग थडथड उडतंय.

"भाभी, तुम्हाला कळलं नाही का वं?" मी नंतर विचारलं.

"कळलं ना. सीट हालून राह्यली होती. मले वाटलं तुमी चिडल्या. म्हून तं मी पाह्यलंच नाही."

मागून एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि उतरून आला. तो खिडकीतून ओरडला तेव्हा कुठे भाभींनी मान वळवली.

मग काय, माणसं जमली. ट्रॅक्टरवाला, मोटरसायकलवरचे दोघं, शेतातले एक आजोबा. आपल्याकडे फिट आली की पहिला उपाय ठरलेला. चप्पल हुंगवा. आजोबांनी पायातली काढून माझ्या नाकाला लावली. मोटरसायकलवाला म्हणाला, चपलेनं नाही होत, कांदा पाहिजे, आणि कांद्याच्या वावरात शिरला. तिसऱ्याला माझ्या दातात किल्ली घालायची होती. मी शुद्धीवर यायला लागले ती त्या चपलेच्या वासात. आजोबा नुकतेच गोठ्यातून आले असावेत. भाभींचा आवाज ऐकू येत होता, "हटवा ते जुतं! मॅडम हाय त्या!"

चारचाकी कुणाला येते, तर एकालाही येत नव्हती. ट्रॅक्टर येतो, कार नाही. भाभी म्हणाल्या, "मले येते." सहावा दिवस! लोकांनी मला मागच्या सीटवर आडवं करायला उचललं, तर भाभींनी ठाम नकार दिला.

"समोरच बसवा. पट्टा लावा. माझं लर्निंग हाय. बाजूला लायसनवालं माणूस लागते."

"अवं बाई, थे बेसुद हाय!"

"बेसुद असलं तरी लायसन हाय ना त्याइचं?"

कायद्याचं इतकं काटेकोर पालन रिसोड तालुक्यात कुणी केलं नसेल. मला पुढे बसवलं, सीट थोडी मागे पाडली, ट्रॅक्टरवाला मागे बसून माझं डोकं एका कुशीला धरून राहिला. सेकंड गिअरमध्ये सात किलोमीटर. प्रत्येक वळणाला इंडिकेटर. चौकात पोलीस नाही, चिटपाखरू नाही, तरी गाडी थांबवून उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मोटरसायकलवाले पुढे जाऊन हात करताहेत, चला, चला! भाभी आपल्या वेगातच. दवाखान्यासमोर गाडी वाकडी लागली तर मागे घेऊन परत सरळ लावली, हँडब्रेक ओढला आणि मग रडायला लागल्या. हे सांगताना त्या आजही रडतात आणि मी हसते, आणि मग मीही रडते.

तेवढं एक सांगून ठेवते. कुणाला फिट आली तर चप्पल नको, कांदा नको, तोंडात काही कोंबू नका. आजूबाजूचं टोकदार बाजूला करा, माणसाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, आणि दवाखाना. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर अजिबात वेळ घालवू नका. चपलेला पायातच राहू द्या.

अकोल्याला

रिसोडच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. तिथे त्या खडखडणाऱ्या नळीत घातलं, डोक्याला वायरी लावल्या, चार दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टर आल्या. माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. म्हणाल्या, मेंदूत एक जुना डाग दिसतोय. कधी डोक्याला मार लागला होता?

मी म्हटलं, छे.

सर कोपऱ्यातून म्हणाले, "अवं, थो गतिरोधक?"

तेव्हा आठवलं. लग्नाचं पहिलंच वर्ष. केनवड माझं माहेर. भावाच्या मोटरसायकलवर मागे, एका बाजूला पाय सोडून, हातात पुरणपोळीचा डबा धरून बसले होते. नवीन गतिरोधक, पांढरा पट्टा नाही की पाटी नाही. गाडी उडाली, मी मागच्या मागे डांबरावर. डबा तेवढा घट्ट धरून ठेवला होता. पाच टाके पडले, थोडा वेळ शुद्ध नव्हती. सगळे म्हणाले, देवाची कृपा, वाचली. हेल्मेट होतं हो गाडीवर. आरशाला लटकवलेलं. मागच्या माणसालाही हेल्मेट लागतं हे तेव्हा आम्हाला ठाऊकच नव्हतं, आणि आता ठाऊक असून कोण घालतं?

"पंचवीस वर्षांनी?" मी विचारलं.

"होतं असं. खात्रीनं त्याचाच आहे असं नाही सांगता येत. पण असू शकतो." मग त्यांनी विचारलं, "काय करता तुम्ही?"

"गाडी शिकवते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मंदाताई, आजपासून गाडी बंद. चालवायची नाही आणि शेजारी बसून शिकवायचीही नाही. स्कूटी नाही. रस्त्यावर सायकलसुद्धा नाही. पुढे फिट न येता बराच काळ गेला तर बघू, आत्ता त्याचा विचारही करू नका."

मिरगी हा शब्द त्यांनी आधी उच्चारला होता. त्याचं मला तितकं काही वाटलं नव्हतं, खरं सांगते. गाडी बंद म्हणाल्या तेव्हा कानात शिट्टी वाजली. बारा वर्षं मी बायकांना सांगत आले की स्टिअरिंग हातात आलं की कुणाच्या पुढे हात पसरावा लागत नाही. आणि आता मी?

दवाखान्याच्या आवारात खूप रडले. सर बिचारे गोंधळले. त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्याले. घाबरले की ते खातात-पितात. त्या चार दिवसांत त्यांचं वजन वाढलं असणार.

वॉर्डात मात्र माझी चलती होती. पहाटे पाचला सिस्टर सुई घेऊन यायची, सहाला फरशी पुसणाऱ्या मावशी, आठला उपमा, तोही रोज बिनमिठाचा. दुसऱ्या दिवशी सिस्टरला कळलं मी कोण ते. झालं! तिची लर्निंगची परीक्षा जवळ आलेली. मग सलाइनच्या हाताने मी तिला चिन्हं विचारायची. उलटा त्रिकोण म्हणजे? लाल गोलात आडवी पट्टी म्हणजे? शेजारच्या पलंगावरची मानोरा गावाकडची आजी झोपल्या झोपल्या उत्तरं द्यायला लागली. सिस्टरपेक्षा आजीला जास्त मार्क पडले.

भीती घरी आल्यावर सुरू झाली. बाथरूमची कडी लावायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सर दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि दर मिनिटाला, "हायेस ना?"

"आहे!"

"हायेस ना वं?"

"आहे हो! साबण लावतेय!"

पण रात्री उशीला डोकं टेकलं की वाटायचं, सकाळी कुठे जागी होईन? गॅसपाशी? जिन्यात? हात जरा थरथरला तरी वाटायचं, आलीच फिट. तोंडावर मी हसत होते, आतून मला माझ्याच अंगाचा भरवसा राहिला नव्हता. ही भीती कुणाला सांगितली तर अर्धी होते, हे मला फार उशिरा समजलं.

चक्कर

सरांनी गावात सांगून टाकलं, उपासानं चक्कर आली. मला विचारलंही नाही. भेटायला येणाऱ्या बायका मला उपासावर रागवायच्या, मी मान डोलवायची.

"कायले सांगाचं लोकाईले?" सर म्हणाले. "गोळ्या चालू हायेत. चार महिने झाले, काही झालं नाही. लोकं उद्या म्हणतीन, फिटवाल्या बाईची गाडी. एक बाई येणार नाही तुझ्याकडं शिकाले."

आणि त्याच सुमारास माझं लायसन नूतनीकरणाला आलं.

आता या फॉर्मची गंमत सांगते. लायसनच्या अर्जात आपल्या तब्येतीचं एक निवेदन असतं, आपणच भरायचं. पहिलाच प्रश्न असा, की तुम्हाला मिरगी किंवा अचानक बेशुद्ध होण्याचा त्रास आहे का? मग नंबरप्लेट लांबून दिसते का, वगैरे. मी दहा-दहा बायका सतरंजीवर बसवून हा फॉर्म भरून घ्यायची. वेळ वाचावा म्हणून प्रश्न वाचायचीच नाही. आरती सांगावी तसं सांगायची, "पहिल्याला 'नाही', दुसऱ्याला 'हो', पुढं चला, इथं सही." बारा वर्षं. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात, आणि मी तर शिस्तीची म्हणून नावाजलेली.

खोटं कशाला बोलू, माझाही बेत तोच होता. पहिल्याला 'नाही'. ओळखीच्या डॉक्टरांकडून तब्येतीचा दाखला, की झालं. गाडी थोडीच चालवणार होते? नुसतं लायसन पाकिटात असावं, एवढंच. असं मी मनाला समजावत होते. पण अंगणातली गाडी दिसली की किल्लीकडे हात जायचा, आणि एकदा तर मी ती चालू करून फाटकापर्यंत नेलीही होती. सरांना हे आज वाचूनच कळेल.

कविता

कविता केनवडची. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे स्कूटी शिकली. रिसोडला एका टेलरिंगच्या दुकानात शिलाई करते आणि सहा वर्षांची परी इथल्याच शाळेत, म्हणून रोज सकाळी पोरीला स्कूटीवर घेऊन येते. एका दुपारी ती मला भेटायला आली. बिस्किटांचा पुडा ठेवला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली. उठायची काही लक्षणं दिसेनात.

"मॅडम, एक इचारू? चक्करच होती का?"

"चक्करच."

ती फरशीकडे पाहत राहिली. "मले वाटलं, माझ्यावानी असंल."

"कायचं तुझ्यावानी?"

"लगनाच्या आधीपासून हाय मले. वर्सातून एक-दोनदा येते. माहेरी गोळ्या चालू होत्या. इकडं आली तं आईनं सांगतलं, बंद कर, सासूले दिसतीन. गेल्या दिवाईत येऊन गेली, रांधता रांधता. घरी कोनी नव्हतं म्हून बरं."

मी कप खाली ठेवला. "आणि गाडी चालवतेस? कविता, फॉर्मवर काय लिहिलं होतंस तू?"

"तुमीच तं सांगतलं, पयल्याले 'नाही' लिवा. मी लिवलं." अगदी साधेपणानं म्हणाली. तिच्या मनात आरोप नव्हता. शिकवणारीनं सांगितलं, शिकणारीनं केलं, इतकंच.

"परीला कुठे बसवतेस?"

"समोर उभी राह्यते. आरशाले धरते."

माझ्या डोळ्यांसमोर केनवडचा रस्ता आला. उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, आणि समोर उभी असलेली ती एवढीशी पोरगी. माझा आवाज चढला. "आजपासून गाडी बंद! किल्ली दे इकडे! अक्कल आहे का तुला?"

"एसटी हाय सकाळची, जमते मले," कविता म्हणाली. "पण गाडी काहून सोडली मून सासू इचारंल. मंग काय सांगू?" मग खालच्या आवाजात, "आन् तुमी सोडली का, मॅडम? सर सांगत होते, पुढच्या महिन्यात तुमचं लायसन रिनू हाय मून."

ती गेली. खिडकीतून दिसली, हेल्मेट घातलं, पट्टा नीट लावला, आरसा पाहिला, इंडिकेटर देऊन वळली. सगळं मी शिकवलेलं.

त्या संध्याकाळी सरांशी जे भांडण झालं तसं लग्नानंतर कधी झालं नव्हतं. ते म्हणाले, "तिचं तिनं पाह्यावं. तू कायले सोताले बट्टा लावून घेतं?"

"तिला मीच 'नाही' लिहायला लावलं हो! तिच्यासारख्या आणखी किती असतील, मी कधी विचारलंच नाही. उद्या ती परी रस्त्यावर पडली तर मी जेवू शकेन का?"

"मंग तिले सांग ना, गाडी सोड मून."

"कोणत्या तोंडानं सांगू? माझ्या फॉर्मवर 'नाही' लिहून?"

सर ताटातली पोळी कुस्करत बसले. मग म्हणाले, "स्कूल बंद पडंल, मंदा."

त्यांनी मला मंदा म्हटलं म्हणजे ते खरंच घाबरले होते. मी म्हटलं, पडली तर पडू दे. आणि मलाच हुंदका आला, कारण ती पडू नये असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं.

सर उठले, हात धुतले, परत आले. "मी शिकतो," म्हणाले.

"काय?"

"गाडी. कोनी तरी चालवाले पाह्यजे ना घरात."

मला हसू फुटलं. हा माणूस सायकलला ब्रेक लावतानासुद्धा डोळे मिटतो. अंधारात सायकलवर येतो तेव्हा मागे लाल रिफ्लेक्टर लावा म्हणून मी दहा वर्षं ओरडतेय, तर म्हणतो, मले दिसते ना रस्ता. आणि हा कार शिकणार! पण ते शब्दाला जागले. वाशिमच्या एक ताई आता माझ्या जागी गाडीवर शिकवायला येतात, त्यांच्याकडे सर रोज सकाळी जातात. ताई म्हणतात, मॅडम, सर समोर पाहतच नाहीत, सारखे माझ्या तोंडाकडे पाहतात.

वानखडेंच्या दुकानात

लायसनचे अर्ज आता ऑनलाइन. आमच्याकडे ते वानखडे भाऊ भरून देतात, बाजारातल्या त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात. मी कविताला निरोप दिला होता, गुरुवारी अकराला ये, मला सोबत हवी. का ते सांगितलं नव्हतं. भाभी मला घेऊन आल्या. त्यांचं लायसन पक्कं झालं होतं आणि आता त्या थर्डसुद्धा टाकायच्या. कविता स्कूटीवर आली, परीला शाळेत सोडून. दुकानात सहा-सात माणसं होती, सातबाऱ्यासाठी, पीक विम्यासाठी.

वानखडे भाऊंनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला. माझ्या विद्यार्थिनींचे फॉर्म त्यांच्याकडेच यायचे. त्यांची बोटं सरावली होती. नाव, पत्ता, जन्मतारीख, टकटक टकटक. तब्येतीचं पान उघडलं आणि मी काही म्हणायच्या आत पहिल्यापुढे 'नाही'चं टिक पडलं.

"भाऊ, ते 'हो' करा."

"कोनतं?"

"पहिलं."

त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं आणि प्रेमानं हसले. "मॅडम, गडबड झाली तुमची. थो मिरगीचा हाय. तुमीच तं आमाले शिकवलं, पयल्याले नाही."

"चुकीचं शिकवलं होतं. 'हो' करा."

"असं केलं तं अर्ज पुढं सरकत नाही, मॅडम." त्यांनी आवाज खाली आणला. "कोनाले काय माहीत होते? राहू द्या ना."

दुकानातली माणसं आता ऐकत होती. भाभींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कविता दाराशी उभी होती, हेल्मेट पोटाशी धरून. दवाखान्याबाहेर हे वाक्य मी कधीच उच्चारलं नव्हतं.

"मला फिट येते, भाऊ," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच निघालं. "मिरगी आहे मला. चक्कर नव्हती ती. गोळ्या चालू आहेत आणि मी गाडी सोडलीये."

पीक विम्यासाठी आलेले एक काका "मॅडमले?" म्हणाले. वानखडे भाऊंनी हळूच माउस हलवला आणि 'हो'वर टिक केलं. मला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. चहा आला. मी प्याले, गोड होता.

तेवढ्यात कविता पुढे आली. टेबलाशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, लायसन वापस कराचं असंल तं कुठी राह्यते?"

"वापस?" वानखडे भाऊंनी डोकं खाजवलं. "काढून द्या मनाले लय येतात, बाई. वापस कराले कोनी आलं नाही आजलोक." त्यांनी पान खाली सरकवलं, आणखी खाली सरकवलं. "हाय. हाय वं. ह्या इथं हाय, खाली."

"मंग माझं करा."

तिनं पर्समधून लायसन काढून टेबलावर ठेवलं, आणि स्कूटीची किल्ली काढून भाभींच्या हातात दिली. वानखडे भाऊंनी तिचा नंबर टाकला, नाव तपासलं, आणि एका रिकाम्या चौकटीपाशी थांबले.

"कारन काय टाकू?"

दुकानातले सगळे तिच्याकडे पाहत होते. त्यातले दोघं केनवडचे होते, तिच्या सासूला ओळखणारे. कवितानं भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि माझ्या खुर्चीला लावून बसली.

"जे मॅडमचं हाय," ती म्हणाली, "तेच टाका."